रोबोटला पात धरायला शिकवा: एफटीसीत पहिल्यांदा उतरणाऱ्या टीमसाठी

लातुरात राहून फर्स्ट टेक चॅलेंजची (एफटीसी, म्हणजे शाळेतल्या पोरांच्या टीमांची रोबोट स्पर्धा) टीम चालवायची म्हणजे ट्यूशन सुटल्यावर रात्री साडेआठला पोरं जमतात, दहा वाजले की घरून फोन सुरू होतात, आणि मधल्या दीड तासात काय बसवायचं ते बसवायचं. त्यामुळं सगळा जीव रोबोट बांधण्यातच जातो, आर्म बसला का, ग्रिपर नीट पकडतोय का, कोड का क्रॅश व्हायलाय, आणि मैदानात कोणी कुठून जायचं, कुठं थांबायचं हा विचार थेट आदल्या रात्री पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये सुरू होतो. आमचं पहिल्या वर्षी असंच झालं. आता नांदेड, परभणी, बीडकडची पोरं विचारायलेत की दादा सुरुवात कुठून करू, तर म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं. रोबोट कसा बांधायचा ते सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. हे फक्त जागेबद्दल आणि जोडीदाराबद्दल.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदान १२ बाय १२ फुटांचं, त्यात २ बाय २ च्या ३६ फोम टाइल्स. लाल आणि निळं असे दोन अलायन्स, प्रत्येकात दोन टीम, म्हणजे एका वेळी चार रोबोट. सुरुवातीला रोबोट १८ इंचांच्या चौकोनी खोक्यात मावला पाहिजे. मॅच अडीच मिनिटांची, पहिले ३० सेकंद ऑटोनॉमस, थोडक्यात ऑटो, म्हणजे रोबोट आपल्या आपण चालणार, मग २ मिनिटं ड्रायव्हर चालवणार. गेम दरवर्षी नवा, सप्टेंबरात साधारण गणपतीच्या दिवसांत जाहीर होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्वालिफिकेशन मॅचमध्ये (टीमांचे नंबर ठरवणाऱ्या सुरुवातीच्या मॅच) तुमचा पार्टनर तुम्ही निवडत नाही, शेड्यूल ठरवतं. ज्या टीमला आयुष्यात कधी भेटला नाहीत तिच्यासोबत खेळायचं, आणि दोन मॅचनंतर तीच टीम समोर उभी असते.

आमची पहिली मॅच मला अजून तशीच्या तशी दिसते. पार्टनरचा रोबोट चांगला होता, आमचाही बरा होता. ऑटो संपलं, दोघांनी एकाच कोपऱ्याकडं धाव घेतली, कारण ह्यूमन प्लेअर, म्हणजे बाहेरून वस्तू देणारं टीमचं पोर, तिथं गेमचे तुकडे (रोबोटनं उचलायच्या वस्तू) ठेवत होता आणि दोघांनाही तेच पाहिजे होते. आमच्या ग्रिपरचं प्लास्टिकचं बोट त्यांच्या मागच्या वायरीत गुंतलं. आमचा ड्रायव्हर मागं ओढतोय, त्यांचा पुढं ओढतोय, कोच दोघंही एकदम ओरडायलेत, आणि समोरचे दोन रोबोट निवांत पॉइंट करायलेत. सुटेपर्यंत निम्मी मॅच गेली. चूक ना त्यांची ना आमची. रांगेत उभे असताना आम्ही एकमेकांना नाव विचारलं, गाव विचारलं, रोबोट काय काय करतो तेही विचारलं, फक्त "तुम्ही कुठून जाणार" एवढं एक विचारलं नाही.

परत येताना एक पोरगी म्हणाली, दादा, आपल्याकडं खुरपायला बायका बसतात तेव्हा प्रत्येकीची पात, म्हणजे खुरपत जायची पट्टी, ठरलेली असते, कोणी कोणाच्या पातीत घुसत नाही म्हणून रान लवकर उरकतं. तिचा शब्द आम्ही उचलला. आमच्या टीममध्ये आता लेन वगैरे कोणी म्हणत नाही, पात म्हणतात, आणि खालचं सगळं त्या एका शब्दावर उभं आहे.

मैदान जमिनीवर आणा

गेम जाहीर झाला की मॅन्युअल, म्हणजे नियमांचं पुस्तक, वाचायचं, ते तर सगळेच सांगतात. पण वाचून झाल्यावर लगेच ते जमिनीवर काढायचं. खरे फोम टाइल्स आणि गेमचं साहित्य महाग पडतं, पहिल्या वर्षी नसलं तरी अडत नाही. आपल्याकडं जुन्या घरांत, शाळांच्या वऱ्हांड्यात शहाबादी फरशी असते, ती दोन बाय दोनची असली तर लांबीला सहा आणि रुंदीला सहा मोजा, झालं मैदान. तशी नसली तर खडू आणि टेप. स्ट्रक्चरच्या जागी पुठ्ठ्याची खोकी, उंची मात्र मॅन्युअलप्रमाणं मोजूनच ठेवा. फरशीवर चाकं फोमसारखी पकडत नाहीत, घसरतात, म्हणून ऑटोचे आकडे फरशीवर पक्के करत बसू नका, त्यासाठी फोमच्या चारसहा टाइल्स तरी मिळवा. वाटा ठरवायला मात्र फरशी पुरेशी आहे.

आता रोबोट बाजूला ठेवा. चार पोरं घ्या, प्रत्येकाच्या कमरेभोवती दीड बाय दीड फुटाचा पुठ्ठ्याचा चौकोन अडकवा, आणि चालत मॅच खेळा. पाचवा पोरगा स्टॉपवॉच धरणार. हसतील, हसू द्या. दोन वेळा खेळलं की पोरांच्या डोक्यात पक्कं बसतं की हे मैदान किती लहान आहे. १२ फूट ऐकायला मोठं वाटतं, पण मधे स्ट्रक्चर, चार रोबोट, त्यात लांब झालेले आर्म, म्हणजे जायला खऱ्या वाटा दोन किंवा तीनच उरतात. जिथं चौकोन एकमेकाला घासतात तिथं खडूनं फुली मारा. ह्या फुल्या म्हणजे तुमच्या स्ट्रॅटेजीची निम्मी माहिती आहे.

दरवर्षीचा गेम ह्या नजरेनं बघायची सवय लावा. २०२४-२५ च्या इन्टू द डीपमध्ये मधोमध सबमर्सिबल नावाचं मोठं स्ट्रक्चर होतं, सँपल (उचलायचे ठोकळे) त्याच्या आत, म्हणून चारही रोबोट मधे तोंड घालायचे. पण पॉइंट मिळवायच्या जागा वेगळ्या होत्या. वरच्या बास्केटमध्ये सँपल टाकलं तर ८, आणि ह्यूमन प्लेअरनं सँपलला क्लिप लावून दिलेलं स्पेसिमेन वरच्या चेंबरला (सबमर्सिबलच्या आडव्या दांडीला) अडकवलं तर १०. बास्केट एका कोपऱ्यात, स्पेसिमेनचं सामान दुसऱ्या कोपऱ्यात. म्हणजे गेमनंच दोन पाती आखून दिल्या होत्या, एकानं बास्केट धरायची, दुसऱ्यानं चेंबर. दोघांनीही "१० मोठे की ८ मोठे" बघून चेंबरच धरला की गर्दी ठरलेलीच. उलट २०२५-२६ च्या डीकोडमध्ये अलायन्सचे दोन्ही रोबोट एकाच गोलमध्ये बॉल मारायचे, तिथं वेगळं काम वाटून घेता येत नव्हतं, म्हणून मारायची जागा वाटून घ्यावी लागायची, एक जवळून, एक लांबून, आणि बॉल उचलायला जायच्या वाटाही वेगळ्या.

फेऱ्या मोजा

एक फेरी म्हणजे वस्तू उचलली, नेली, टाकली, परत उचलायच्या जागी आलो. स्टॉपवॉचनं दहा फेऱ्या मोजा, सगळ्यात भारी आलेली वही‌त लिहू नका, मधली लिहा. समजा १२ सेकंद लागतात. ड्रायव्हरच्या १२० सेकंदांतले २० एंडगेमला (मॅचच्या अगदी शेवटी करायच्या कामाला) सोडा, राहिले १००, म्हणजे ८ फेऱ्या. आता वाटेत पार्टनर आडवा येतो म्हणून चार वेळा पाच-पाच सेकंद थांबलात तर २० सेकंद गेले, दीड फेरीपेक्षा जास्त, आणि पार्टनरच्याही तेवढ्याच. दोघांच्या मिळून तीन फेऱ्या नुसत्या "तू जा, नाही तू जा" मध्ये. नवीन टीमा मोटर बदलून फेरी अर्धा सेकंद कमी करायला आठवडा घालवतात, आणि हे तीन फेऱ्यांचं नुकसान कोणाच्या हिशोबातच नसतं. आधी वाट सोडवा, मोटर नंतर.

ऑटोमध्ये नमतं घ्यायची तयारी ठेवा

ऑटोनॉमस एकच लिहून चालत नाही, हे आम्ही फार उशिरा शिकलो. तुमचं ऑटो डाव्या बाजूनं सुरू होतं आणि पार्टनरचंही डाव्याच बाजूनं, मग काय करणार? म्हणून निदान तीन करून ठेवा. एक डावीकडचं, एक उजवीकडचं, आणि तिसरं अगदी साधं, सुरुवातीच्या जागेवरनं हलून सोप्या जागी जाऊन थांबणारं, कोणाच्या वाटेत न येणारं. शिवाय प्रत्येकात सुरुवातीला थांबायचा वेळ टाकायची सोय ठेवा, म्हणजे पार्टनर आधी निघेल, तुम्ही ५ सेकंदांनी. गेमपॅडच्या बटणानं मॅचच्या आधी सेकंद कमीजास्त करता आले पाहिजेत, मैदानाकाठी लॅपटॉप उघडून कोड बदलायला कोणी वेळ देत नाही.

आणि बऱ्याच गेममध्ये ऑटोच्या वेळी समोरच्यांच्या अर्ध्यात जाऊन त्यांच्या रोबोटला धडक दिली तर पेनल्टी बसते, ते पॉइंट थेट त्यांच्या खात्यात जातात. म्हणून मधली रेषा ओलांडणारं ऑटो असेल तर दहा वेळा तपासा.

इथं रोबोटला स्वतःची जागा कळणं आलं. "इतके सेकंद पुढं जा" असं वेळेवर लिहिलेलं ऑटो बॅटरी ताजी असताना एक अंतर जातं आणि उतरल्यावर दुसरं. निदान मोटरच्या एन्कोडरवर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) लिहा. जमलं तर ओडोमेट्री लावा, म्हणजे मोटर नसलेली मोकळी चाकं फक्त अंतर मोजायला, ड्राइव्हची चाकं घसरली तरी ही सहसा फसत नाहीत. तरी कोणी ढकललं की थोडा फरक पडतोच, तेव्हा भिंतीवरचे किंवा गेमवरचे एप्रिलटॅग (छापलेल्या चौकोनी खुणा) कॅमेऱ्यानं वाचून जागा पुन्हा नीट करून घेता येते. पहिल्याच वर्षी सगळं करू नका. एन्कोडर आणि कंट्रोल हबमध्ये (रोबोटचा मेंदू) आधीच असलेला आयएमयू, म्हणजे रोबोट किती वळला ते सांगणारा सेन्सर, एवढ्यावर सुरुवात चांगली होते.

चौघांची भाषा

मैदानाकाठी चार जण. दोन ड्रायव्हर, एक कोच, एक ह्यूमन प्लेअर. आमच्यात एक ड्रायव्हर फक्त चाकं बघतो, दुसरा आर्म आणि ग्रिपर. कोचच्या हातात गेमपॅड नसतो आणि त्याचं कामही तेच आहे, बाकीचे तीन रोबोट बघायचे, घड्याळ बघायचं आणि पार्टनरच्या कोचशी बोलायचं. पोरांना कोच व्हायला आवडत नाही, त्यांना वाटतं रोबोट न चालवणारा म्हणजे कामाचा नाही. खरं सांगायचं तर टीममधलं सगळ्यात शांत आणि सगळ्यात जास्त मॅन्युअल वाचलेलं पोर तिथं पाहिजे. मोठा आवाज असलेलं नको, बरोबर वेळेला बोलणारं पाहिजे.

शब्द आधी ठरवा. "डावीकडं घे" हा सगळ्यात घातक शब्द, कारण रोबोट तुमच्याकडं तोंड करून येत असेल तर त्याचं डावं तुमचं उजवं. आम्ही डावं-उजवं बंद केलं. भिंतींना नावं दिली, आपली भिंत, त्यांची भिंत, पब्लिकची भिंत, चौथी मागची. कोच म्हणतो "पब्लिककडं", संपला विषय. जोडीला फील्ड सेंट्रिक ड्राइव्ह लावून घ्या, म्हणजे रोबोटचं तोंड कुठंही असू दे, स्टिक पुढं ढकलली की तो तुमच्यापासून लांब जाणार. मेकॅनम चाकं (रोबोटला आडवंही सरकवणारी) असतील तर याचा फार फायदा होतो.

आमचे शब्द आठच आहेत, त्यात "थांब", "वाट दे", "मोकळं" हे तीन सगळ्यात जास्त लागतात. "मोकळं" म्हणजे तुझ्या पातीत कोणी नाही, न बघता जा. ड्रायव्हरनं "का" विचारायचं नाही, भांडण असेल ते पिटमध्ये, म्हणजे टीमच्या बसायच्या-दुरुस्तीच्या जागेवर. हे सोपं वाटतं पण अंगात यायला महिना लागतो, रोज किमान पाच पूर्ण मॅच घड्याळ लावून, चौघांनी आपापल्या जागी उभं राहून. घरी सरावाला एकच रोबोट असतो ना, मग दुसरा रोबोट म्हणून एखाद्या पोराला मैदानात पुठ्ठ्याचा चौकोन घालून फिरवा आणि मुद्दाम आडवं यायला सांगा.

पार्टनर भेटल्यावर

मॅचचं शेड्यूल हातात आलं की लगेच पहिल्या दोन पार्टनरचे पिट शोधा, रांगेत भेटू म्हणून बसू नका. जाताना मैदानाचा नकाशा छापलेला कागद आणि दोन रंगांचे पेन न्या. तोंडी बोलून काही होत नाही, त्यांना स्वतःच्या हातानं त्यांची वाट काढायला सांगा. मग विचारा: ऑटो कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं, मॅचमध्ये नक्की जमणारं एक काम कोणतं, वस्तू कुठून उचलता, एंडगेमला किती सेकंद आधी निघता. आणि शेवटचा प्रश्न, जरा मायेनं विचारायचा, मागच्या मॅचमध्ये काय बिघडलं होतं. सांगतात. आपणही आपलं खरं सांगायचं. "आमचा आर्म वर जातो पण दहातले तीन वेळा अडकतो" असं खरं सांगितलं तर समोरचा तशी तयारी ठेवतो. खोटं मोठेपण सांगून प्लॅन बसवला की मॅचमध्ये दोघंही बुडतात.

मराठवाड्यातली पोरं इथं बुजतात, हे मी बघितलंय. समोरची टीम पुण्यामुंबईच्या मोठ्या शाळेची, फाडफाड इंग्रजी, एकसारखे टीशर्ट, आणि आपली पोरं मान हलवून "ओके ओके" म्हणून परत येतात. म्हणून तो नकाशाचा कागद. कागदावर रेघ ओढायला इंग्रजी लागत नाही, आणि तुमच्या फेरीचा मोजलेला आकडा तुमच्याकडं असला तर समोरचा आपोआप नीट ऐकतो. हिंदीत बोला, मराठीत बोला, पण तुमची पात कोणती हे सांगितल्याशिवाय तिथून हलू नका.

दोघांना एकच जागा पाहिजे असेल तर ज्याच्या फेरीचा आकडा चांगला त्याला ती द्या, मग ते तुम्ही नसलात तरी. तुमची टीम दुसरं काम करेल, पॉइंट अलायन्सचे आहेत. आमच्या पोरांना एकदा अख्खी मॅच फक्त वस्तू पार्टनरच्या बाजूला सरकवून द्यायचं काम आलं, कोणाला पटलं नव्हतं, पण त्या दिवशीचा आमचा सगळ्यात मोठा स्कोअर त्याच मॅचचा होता.

मॅच सुरू झाल्यावर

समोरच्याला अडवायचं का, हा प्रश्न सगळे विचारतात. पहिल्या वर्षी नका. त्यांच्या वाटेत उभं राहणं म्हणजे तुमच्या फेऱ्या बंद, आणि नियमही बारीक आहेत. एखाद्या रोबोटला दाबून त्याची हालचाल बंद केली तर रेफरी मोजायला लागतो, ३ सेकंदांच्या वर गेलं की फाउल. काही झोन तर त्या-त्या अलायन्ससाठी राखीव असतात, तिथं नुसता धक्का लागला तरी महागात पडतं. कोणते झोन ते कोचला पाठ पाहिजे. तुम्हाला कोणी अडवत असेल तर त्याला ढकलत बसू नका, वळून दुसरी वाट धरा. म्हणून प्रत्येक पातीला एक पर्यायी वाट आधीच ठरवून ठेवायची आणि तिच्यावरही सराव करायचा.

पार्टनरचा रोबोट मधेच बंद पडला, आणि पडतोच कधीतरी, तर त्याची जागा आता खांबासारखी समजायची आणि त्याचं सगळ्यात सोपं काम तुम्ही उचलायचं. कोणतं, ते आधीच बोलून ठेवा.

एंडगेमसाठी कोचनं घड्याळ मोठ्यानं म्हणायचं, "चाळीस", "तीस". सरावात जेवढा वेळ लागतो त्यात पाच सेकंद मिळवा आणि तेव्हा निघा, हातात वस्तू असली तरी सोडून निघा. डीकोडमध्ये बेस म्हणजे साधारण एका रोबोटाएवढा चौकोन होता, आणि दोन्ही रोबोट पूर्ण आत आले तर जादा १० पॉइंट. तिथं आधी कोण जाणार आणि कुठं उभं राहणार हे ठरलेलं नसलं तर शेवटच्या क्षणी दोघंही दारात अडकणार. जो हळू आहे तो आधी, हा आमचा नियम.

बसलेल्या पोरांचं काम

टीममध्ये १५ पर्यंत पोरं असतात, मैदानाकाठी चार. बाकीच्यांनी टाळ्या वाजवत बसायचं नाही. प्रत्येकाला एक रोबोट बघायला द्या, प्रत्येक मॅचमध्ये त्यानं किती फेऱ्या केल्या, कोणती वाट धरली, कुठं अडकला एवढंच लिहायचं. दुपारी अलायन्स सिलेक्शन होतं, वरच्या नंबरच्या टीमा कॅप्टन होऊन जोडीदार निवडतात. तेव्हा आपल्याला बोलावलं तर आणि आपण कॅप्टन असलो तरी हीच वही कामाला येते. सगळ्यात जास्त पॉइंटवाला घ्यायची घाई नको, तुमच्या पातीत न येणारा घ्या. आणि एक ध्यानात ठेवा, कोणाचं आमंत्रण नाकारलंत तर त्यानंतर दुसरं कोणी तुम्हाला बोलावू शकत नाही, म्हणून स्टेजवर जाण्याआधीच हो की नाही हे टीमचं ठरलेलं असू द्या.

पुढं इंजिनिअरिंगला जाऊन रोबोकॉन (कॉलेजच्या टीमांची रोबोट स्पर्धा) करायचं असेल तर तिथंही हेच आहे. २००८ ची एबीयू रोबोकॉन, म्हणजे तिची आंतरराष्ट्रीय फेरी, पुण्यात झाली तेव्हा थीमच दहीहंडीची होती, आणि २०१४ ची परत पुण्यात, तिच्यात पालक रोबोट मुलाच्या रोबोटला उचलून झोक्यावर, सीसॉवर नेत होता. एक रोबोट जागेवर नसला की दुसऱ्याचं काहीच होत नव्हतं.

बॅटरीचं सांगायचं राहिलं. १२ व्होल्टच्या किमान तीन न्या, प्रत्येकीवर नंबर टाका, आणि मॅचला जाताना १३ च्या आसपास दाखवणारीच लावा. कनेक्टर दाबून, हलवून बघायचं काम एकाच पोराला द्या, त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. नकाशाचे सगळे कागद एका फाइलीत ठेवा, पार्टनरनी काढलेल्या रेघांसकट, आणि परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये पोरं झोपायच्या आधी प्रत्येक मॅचच्या कागदावर दोघं प्रत्यक्षात कुठून गेले ती रेघ तिसऱ्या रंगानं ओढून घ्या. पुढं गेलं की कोणी जागं नसतं, म्हणून भिगवणच्या चहाला थांबलात की तिथंच उरकून टाका.